मालक आणि चालक

संसारातल्या वस्तू दोन प्रकारच्या असतात. काही ठेवून दिल्या म्हणजे टिकतात आणि काही वापरल्या तरच टिकतात. पितळेचा बंब, चांदीचा तांब्या, आजीच्या वेळची समई या पहिल्या वर्गातल्या. वर्षभर माळ्यावर ठेवाव्या, दिवाळीला काढून चिंच लावून घासाव्या आणि भाऊबीज झाली की पुन्हा वर चढवाव्या. त्या कुरकुर करीत नाहीत. मोटारगाडी ही दुसऱ्या वर्गातली वस्तू आहे; पण आपण मध्यमवर्गीय माणसे तिला समईच्या पंक्तीला बसवतो, आणि तेथूनच सगळ्या भानगडीला सुरुवात होते.

मुंबई-पुण्याच्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या आवारात जाऊन पाहा. एका कोपऱ्यात, आंब्याच्या किंवा फणसाच्या झाडाखाली, राखाडी कव्हर घातलेले काहीतरी उभे असते. त्यावर पाचोळा पडलेला असतो आणि एक मांजर निजलेले असते. चौकशी केली तर उत्तर मिळते, "ती होय? ती अमक्यांची फियाट. चालवत नाहीत हो, पण विकतही नाहीत." हे 'पण' फार महत्त्वाचे आहे. त्या 'पण'वर आमच्या पार्ल्याच्या घरात गेले आठ महिने खल चालला होता. हा प्रश्न आमच्या एकट्याच्या घरचा नाही, म्हणून तो या सदरात मांडतो आहे.

आमची गाडी म्हणजे 1979 सालची प्रीमियर पद्मिनी. रंग आकाशी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढच्या दारांना ती वाऱ्याची त्रिकोणी काच. आजच्या मुलांना हे सांगावे लागते की, त्या काळी गाडी दुकानात जाऊन आणण्याची वस्तू नव्हती. नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे थांबायचे. मुलाचे नाव शाळेत घालताना नोंदवलेली गाडी तो कॉलेजात गेल्यावर आली, असे लोक थट्टेने म्हणत. पण थट्टेत अतिशयोक्ती थोडीच असे. आणि ही गाडी आपल्या मुंबईचीच. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट रस्त्यावर येऊ लागल्या. त्यातल्या जुन्या गोलमटोल गाडीला लोकांनी प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हटले. पुढे 1974 पासून 'पद्मिनी' हे नाव आले, आणि त्या नावावर या शहराने आपली टॅक्सी केली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आर.टी.ओ.त 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत तिचे फोटो पाहून आमच्या घरात एक मिनिट कोणी बोलले नाही. चिरंजीव तेवढे म्हणाले, "बाबा, आता आपल्या गाडीची किंमत वाढणार."

गाडी घेतली माझ्या वडिलांनी. नाना लालबागच्या एका गिरणीत विव्हिंग मास्तर होते. ही गाडी विकण्याचा विषय घरात पहिल्यांदा निघाला तो काही यंदा नव्हे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, नानांचा पगार आधी अर्धा झाला आणि मग थांबला. नव्या गाडीसाठी रांग असल्यामुळे जुन्या गाडीला चांगला भाव होता. गिऱ्हाईक दारात येऊन गेले. नानांनी गाडी विकली नाही. घरातले दोन वेळचे दूध एक वेळचे केले, गाडी झाकून ठेवली आणि संप विसविशीत झाल्यावर, 1983 च्या मे महिन्यात, अक्काची वरात त्याच गाडीतून काढली. आमच्या घरात 'नानांची गाडी' हे शब्द देवघराच्या सुरात उच्चारले जातात, त्यामागे ही कथा आहे.

यंदा विषय निघाला तो सोसायटीच्या पुनर्विकासामुळे. इमारत पाडून तेथे उंच मनोरा होणार. प्रत्येक बिऱ्हाडाला गाडीची जागा एक, आणि तीही यंत्राने वर चढवायची. चिरंजीवांची गाडी रोज अंधेरीला जाते. तेव्हा ती एक जागा कोणाची, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग मी हिशेब मांडला. हिशेब हा भावनेवरचा उतारा आहे, असे नाना म्हणत. मागल्या वर्षी गाडीवर विमा, पी.यू.सी., नवी बॅटरी, मिस्त्रीच्या दोन खेपा आणि एक टायर मिळून 21,400 रुपये खर्च झाले. गाडी चालली 61 किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला सुमारे 350 रुपये पडले. 1 फेब्रुवारी 2025 रोजी मुंबईत टॅक्सीचे किमान भाडे वाढून 31 रुपये झाले, तेव्हा याच घरात केवढा ओरडा झाला होता! शिवाय पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, तिचे पासिंग करावे लागते, वर हरित कर भरावा लागतो. आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांवरच्या मोटारींच्या नूतनीकरणाची फी 10,000 रुपये केली. आमचे नूतनीकरण पुढल्या वर्षी.

बरे, एवढे करूनही गाडी टिकते आहे का? मिस्त्रीने सांगितले ते ऐकण्यासारखे आहे. उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरते. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. टाकीतले पेट्रोल जुने झाले की कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत चिकटा धरतो. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते आणि आतले सिलिंडर गंजतात. हॅंडब्रेक ओढून महिनोन्महिने ठेवली तर ती तशीच चिकटून बसते; त्यापेक्षा गिअरमध्ये टाकून चाकाखाली लाकडी ठोकळे लावावेत. उंदरांना वायरी आवडतात हे निराळेच. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. तेही पाणी ओढून घेते, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व पंपातला पडदा त्यासाठी बनवलेला नसतो. "आणि साहेब," मिस्त्री म्हणाला, "तुम्ही दर रविवारी पाच मिनिटं गाडी नुसती चालू करून बंद करता ना, त्यानं तर जास्त वाट लागते. इंजिन गरम होत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी राहतं, बॅटरी भरत नाही. पंधरा दिवसांनी का होईना, वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर फिरवा, नाहीतर हात लावू नका."

म्हणजे ज्याला आपण 'ठेवणे' म्हणत होतो, ते ठेवणे नव्हतेच. ते अगदी सावकाश, हप्त्याहप्त्याने, भंगारात काढणे होते.

हिशेब घेऊन मी घरच्यांची मते विचारली. अक्काला नाशिकला फोन केला. ती म्हणाली, "अरे, नानांची गाडी विकणार? माझी वरात निघाली होती तिच्यातून!" मी म्हटले, "अक्का, तू मग घेऊन जा." त्यावर नाशिकला पावसाने फोनची लाइन नीट चालत नसल्याचे समजले. कन्या टोरांटोला असते. तिने चार रडक्या चेहऱ्यांची चित्रे पाठवली आणि खाली लिहिले, "गाडी विकू नका, तिच्यात माझं लहानपण आहे." चिरंजीवांनी कायद्याचा अभ्यास केला होता. "बाबा, 2021 च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. 2029 पर्यंत कुठंतरी भाड्याच्या जागेत ठेवू. मग वीस हजार फी भरली की दहा वर्षांची नोंदणी, वेगळी नंबरप्लेट, सगळा थाट."

"आणि मग चालवता येईल?" सौभाग्यवतींनी विचारले.

"रोजच्या वापराला नाही, आई. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते."

"म्हणजे पन्नाशी झाली की नटूनथटून बसायचं, कामाला हात लावायचा नाही. बायकांना हा नियम कोणी लावला नाही तो!" असे म्हणून त्या चकल्यांच्या भाजणीकडे वळल्या. आपले मत काही त्यांनी दिले नाही.

ते मत सापडले नानांच्या वहीत. गाडी विकायची तर कागदपत्रे हवीत, म्हणून मी कपाटातली पेटी काढली. त्यात पुठ्ठ्याच्या बांधणीची दोनशे पानी वही होती. नानांनी 1979 साली ती घातली: तारीख, मीटर, लिटर, रुपये आणि शेवटी 'शेरा'. पेट्रोल भरले की नोंद करायची, हा घरचा दंडक. मी ती सबंध वही एका दुपारी वाचून काढली.

पहिली सात वर्षे नानांचे बारीक, तिरपे अक्षर आहे. 1982 च्या पानांवर नोंदी विरळ होत जातात. एका संबंध महिन्यात पाच लिटर, शेरा 'दवाखाना'. आणि 1986 च्या श्रावणापासून अक्षर बदलते. गोल, ठसठशीत, बॅंकेत खतावण्या लिहून वळण लागलेले. आमचे लग्न आदल्या वर्षी झालेले. सुनेला गाडी शिकवण्याचे नानांच्या मनाने घेतले, आणि पहाटे पाचला ते तिला जुहूच्या रस्त्यावर घेऊन जात. शेजारीपाजारी बोलले, नाना म्हणत, "दोन पाय आहेत तिला, क्लच आणि ब्रेक दाबता येतात. आणखी काय लागतं?" मला गाडी चालवण्याची हौस पहिल्यापासून नाही. परवाना आहे, पण माझी जागा डाव्या बाजूची, हातात डबा आणि छत्री धरून. नाना 1998 साली गेल्यावर वारस म्हणून आर.सी. बुकावर माझे नाव लागले. मी मालक झालो आणि ती चालक होतीच.

त्या गोल अक्षरातले शेरे मी वाचत गेलो. 'शाळा, शाळा, शाळा.' 'सासूबाई, मोतीबिंदू.' 'चिरंजीव ताप, रात्री 2, दवाखाना.' 'नाना, के.ई.एम.' अशा ओळीने अकरा नोंदी, आणि बारावीला शेराच नाही. '26 जुलै 2005: गाडी रस्त्यात सोडून पाण्यातून चालत आले.' त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि ही बाई अंधेरीच्या बॅंकेतून छातीभर पाण्यातून रात्री अकराला घरी पोचली होती. पुढची ओळ, '28 जुलै: दोरीने ओढून आणली. तेल बदलले, प्लग वाळवले. 31 ला सेल्फ घेतला!' त्या उद्गारचिन्हात वहीतला सगळा आनंद आहे. 2012 साली चिरंजीवांनी नवी गाडी घेतली आणि नोंदी कमी होत गेल्या. माझ्या अक्षरातल्या नोंदी मी मोजल्या. त्या अकरा आहेत.

संध्याकाळी मी वही तिच्यापुढे ठेवली आणि म्हटले, "मतं सगळ्यांची झाली. सव्वीस वर्षं गाडी तू चालवलीस. गाडी तुझी आहे. तू सांग."

ती हात पुसत बसली. वही उलटसुलट केली. मग म्हणाली, "दोन वर्षं झाली, उजवा खांदा वर जात नाही माझा. हिचं स्टिअरिंग केवढं जड, तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही छत्री धरता. मागल्या दसऱ्याला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं आणि तशीच झाकली. मला नाही बरं वाटलं ते. चालती गाडी पुजायची असते. ही चालवणारा कोणी मिळाला तर देऊन टाका. मात्र चालवणारा हवा."

एवढे झाल्यावर प्रश्न निराळाच झाला. विकावी की ठेवावी हा वाद संपला. चालवील कोण, एवढेच पाहायचे राहिले. आणि गंमत अशी की, या प्रश्नाला उत्तर शोधता येते. आधीच्या प्रश्नाला आठ महिन्यांत आले नव्हते.

गिऱ्हाइके तीन आली. पहिला भंगाराचा व्यापारी. त्याला मी वाटेला लावले, कारण 2021 च्या नियमांनंतर गाडी मोडायचीच असेल तर ती नोंदणीकृत केंद्रातच द्यावी. तेथे दाखला मिळतो आणि आपली नोंदणी रीतसर रद्द होते. दुसरे एका नव्या कॅफेचे मालक. गाडीला हात न लावता एक लाख साठ हजार द्यायला तयार. गाडीचे दोन तुकडे करून मागल्या अर्ध्याचा सोफा करणार आणि पुढचे तोंड भिंतीवर लावणार. चिरंजीवांचे डोळे चमकले. सौभाग्यवती म्हणाल्या, "गाडी विकायची आहे, कापायला द्यायची नाही." विषय संपला.

तिसरा कोल्हापूरचा तरुण. लेथचे छोटे वर्कशॉप, वडील बरोबर. आधीच्या दोघांनी गाडीची तारीफ केली होती. याने तारीफ केली नाही. वर्तमानपत्र पसरून गाडीखाली निजला आणि पाऊण तासाने काळे हात घेऊन बाहेर आला.

"काकू, पुढचा तळाचा पत्रा सडलाय. दुसरा गिअर खरखर करतोय. ब्रेक सगळे सोडवाय लागतील."

"जोतिबाचा चढ ओढेल का ही?" सौभाग्यवतींनी विचारले.

"आत्ता न्हाई ओढणार. इंजिन खोलावं लागंल. चार-पाच महिनं लागतील. मग ओढंल."

"आणि मग? झाकून ठेवाल?"

त्याचे वडील हसले. "बाई, आमच्याकडं झाकायला छप्परच न्हाई. ह्यो रोज घेऊन फिरणार."

त्याने पंच्याऐंशी हजार सांगितले. चिरंजीवांनी पंचाहत्तर हजारांचे नुकसान पाटीवर लिहून दाखवले. पण ज्या बाईने रात्री दोन वाजता ही गाडी काढली आहे, तिने त्या मुलाला शेजारी बसवून हनुमान रोडला एक फेरी मारली, चोक केव्हा ओढायचा आणि केव्हा आत ढकलायचा ते सांगितले, आणि परत येऊन म्हणाली, "हा कान देऊन ऐकतो. याला द्या."

ज्या वाचकांच्या घरी असा व्यवहार व्हायचा असेल, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. गाडीबरोबर नाव गेले पाहिजे. 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरून हस्तांतर नोंदवावे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने ते चौदा दिवसांत कळवायचे असते. नोंद दुसऱ्या आर.टी.ओ.कडे व्हायची असेल तर 28 नंबरच्या फॉर्मवर ना हरकत दाखला घ्यावा. "सह्या करून ठेवा, मी बघतो मागाहून," म्हणणाऱ्याला गाडी देऊ नये. कारण अपघात झाला तर आर.सी.वर ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे. किल्ली दिली, पैसे घेतले, तरी जबाबदारी आपल्याच दारात येते. किल्ली द्यायच्या दिवशीची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांच्या सहीने घ्यावी.

गाडी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जायची आहे. अक्का भाऊबीजेला येणार आहे. तिला डॅशबोर्डवरचा पितळी गणपती हवा आहे, तो मिळेल. कन्येला तिच्या बाजूच्या खिडकीची काच खाली करायची मूठ हवी होती. ती देता येणार नाही, कोल्हापुरात काच खाली करावी लागेल. वही मात्र गाडीबरोबर जाणार आहे. मी ठेवून घ्या म्हणत होतो. सौभाग्यवती म्हणाल्या, "त्यात अजून तीसेक पानं कोरी आहेत. त्याला लागतील."

राहिले पैसे. कागदावर सही माझी, त्यामुळे पंच्याऐंशी हजार माझ्या खात्यात येतील. पाडव्याला ओवाळणीच्या ताटात काय घालायचे, हा दरवर्षीचा प्रश्न यंदा पडलेला नाही. तिला विचारले, काय करशील? म्हणाली, "वर्षभर जिथं जायचं असेल तिथं टॅक्सीनं जाईन. मागच्या सीटवर बसेन, आणि छत्री तुम्ही धरा."